पुसून घ्या

मुक्ता, निशांत,

मागच्या रविवारी फोनवर मुक्तानं सांगितलं की तिच्या विद्यापीठातल्या शाळेत तिच्या कामाला पहिलं पारितोषिक मिळालं. चित्रं, आवाज आणि यंत्रं असं सगळं तिथे एकत्र शिकवतात, हे निशांतनं मला एकेक शब्द तोडून समजावलं. आजीला ते जड जाईल अशी त्याला काळजी असावी. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मुक्तानं विचारलं की पुढच्या कामासाठी तिला पणजीचा आवाज हवा आहे, कुठे काही मिळेल का. मी म्हटलं, फोन ठेवते, दूध वर आलंय. दूध वर आलेलं नव्हतं. त्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, आणि मी ते कधी कोणाला सलग सांगितलेलं नाही. आता डोळे ऑपरेशननंतर बरे चालतात, सकाळचे दोन तास माझे असतात, तेव्हा लिहून टाकते. तुमच्याशी मी नेहमी इंग्रजीत लिहिते, पण हे मराठीतच लिहायला हवं, कारण सगळं एका मराठी शब्दावरून झालं. जिथे अडेल तिथे आईला विचारा.

मीही तसल्याच शाळेत शिकले. विद्यापीठानं ती अमरावतीत, रुईच्या एका जुन्या गोदामात काढली होती. चित्रकला, छपाई, फोटो आणि ध्वनिमुद्रण, चारही एका छपराखाली. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं आणि गावात ते कोणी घेत नसे. टांगेवाले तिला ‘रेडिओ कॉलेज’ म्हणत. गोदाम रिकामं होऊन वर्षं झाली होती, तरी भिंतींच्या फटींतून रुई निघतच राहायची. उन्हाळ्याच्या वाऱ्यात ती खोलीभर तरंगायची, ओल्या शाईवर बसायची, भिंगावर बसायची. पहिल्या वर्षी आमच्या प्रत्येक फोटोत पांढरे ठिपके होते. मुलं म्हणत, भर दुपारी चांदण्या पडल्या. पण त्याच गोदामातून शिकून एक मुलगा मुंबईला सिनेमाच्या ध्वनिविभागात गेला, दुसऱ्यानं काढलेली मुखपृष्ठं आम्ही रेल्वेच्या बुकस्टॉलवर पाहिली, आणि एकाचा फोटो दिल्लीच्या प्रदर्शनात लागला. दारातून आत गेलं की ही नावं पांढऱ्या रंगानं एका काळ्या फळीवर रंगवलेली होती. फळीचा खालचा अर्धा भाग रिकामा होता. रोज आत जाताना प्रत्येकाची नजर त्या रिकाम्या भागावर जायची. माझीही जायची.

मी राजापेठेत मावशीकडे राहत असे. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे गल्ली. सकाळी कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी मावशीच्या पाट्यावर वरवंट्याचा आवाज सुरू व्हायचा, आणि त्या आवाजावरून आज जवसाची चटणी आहे की मिरचीचा ठेचा हे मला अंथरुणातच कळायचं. ज्वारीची भाकर, बेसन, आंबाडीची भाजी, थंडीत वांग्याचं भरीत. संत्र्यांच्या दिवसांत काका वरूडच्या एका ओळखीच्या माणसाकडून डागाळलेल्या फळांची टोपली आणत, आणि आठवडाभर आमच्या सगळ्यांच्या बोटांना तोच वास येई. काका पोस्टात होते. घर टापटीप होतं, आणि घरात बोलणं वऱ्हाडी होतं. शाळेत मात्र ते चालत नसे.

ध्वनिमुद्रण शिकवायला आगाशे सर होते, पुण्याहून आलेले. शिडशिडीत, कपडे परीटघडीचे, आम्हा विद्यार्थ्यांनाही ‘तुम्ही’ म्हणणारे. त्यांनी मला यंत्राआधी जीभ शिकवली. मायक्रोफोनसमोर मी ‘मले’ म्हटलं की ते फीत थांबवत, मागे घेत आणि शांतपणे म्हणत, “मला. पुन्हा.” कधी रागावले नाहीत. मी वर्षभरात त्यांची भाषा शिकले, इतकी की सुट्टीच्या दिवशी घरी तोंडातून ‘मला’ निघालं की मावशी भाकर हातात धरून थांबायची आणि म्हणायची, “आली पुन्याची मास्तरीन. मले म्हन, नाई तं जेवाले भेटत नाई.” काका हसायचे. मीही हसायचे. दोन्ही भाषा माझ्या होत्या आणि शाळेच्या फाटकाशी मी एक उतरवून दुसरी अंगावर घेत असे, इतकं ते सवयीचं झालं होतं.

आता त्या शब्दाबद्दल. आमच्या शाळेत ध्वनिमुद्रणाचं यंत्र एकच होतं, पेटीएवढं, परदेशी. त्यावर तपकिरी फितीची चाकं लागत. ही चाकं मुंबईहून यायची, महिनोन्महिने यायची नाहीत, म्हणून एकच फीत पुन्हा पुन्हा वापरावी लागे. जुन्या आवाजावर नवा आवाज घेतला की जुना जातो. याला सर ‘फीत पुसणं’ म्हणत. त्या खोलीत दिवसातून वीस वेळा तो शब्द कानावर यायचा: ही पुसली का, ती पुसून घ्या, पुसल्याशिवाय लावू नका. आणि आमच्या घरी पुसणं म्हणजे विचारणं. मायले पुसून जाय. त्याले पुसलं का? दुकानदाराले भाव पूस. वऱ्हाडात आजही असंच बोलतात. सरांना हा अर्थ ठाऊक नव्हता असं नाही, जुन्या अभंगांत त्यांनी तो शंभर वेळा वाचला असेल. पण त्या खोलीत, त्या यंत्रासमोर, त्या शब्दाचा एकच अर्थ होता.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रदर्शन असे. दोघादोघांनी मिळून एक काम करायचं: काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलाच्या यंत्रानं पडद्यावर पाडायची आणि सोबत फितीवरचा आवाज लावायचा. आमच्या वर्गात दोनच मुली, म्हणून विमल आणि मी एका जोडीत आलो. विमल धामणगावची, शेतीवाडी असलेल्या घरातली. माझी माय लहानपणी ज्यांच्या वावरात कापूस वेचायची, तसल्या घरातली. तिचा हात फार सुरेख होता. ती माझ्या डब्यातलं खायची, आणि तिच्या घरचं कोणी भेटायला आलं तर हे बोलू नको असंही तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही विषय घेतला कापूस. तिची चित्रं, माझा आवाज.

मी आवाज आणायला अकोल्याला गेले. बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते, आम्हाला एका खोलीचं क्वार्टर होतं. सरांनी स्वतःच्या जबाबदारीवर यंत्र मला नेऊ दिलं. बडनेऱ्याला गाडी बदलताना ते मी हमालाच्या डोक्यावर दिलं नाही, बाबांच्या ओळखीच्या गार्डानं आणि मी मिळून उचललं. पहिल्या दिवशी जिनिंगमध्ये जाऊन यंत्रांची घरघर घेतली, एक अख्खं चाक भरून. दुसऱ्या दिवशी घरी माय.

माय त्याच जिनिंगमध्ये बरीच वर्षं कामाला होती. रुईतला कचरा निवडणाऱ्या बाया एका लांब ओसरीत बसत, आणि हिवाळ्यात ती ओसरी धुक्यासारखी पांढरी दिसे. तिच्या छातीत ती रुई बसली होती. डॉक्टर काय म्हणायचे ते मला नंतर इंग्रजीत वाचून कळलं, पण घरी आम्ही एवढंच म्हणायचो, छातीत रुई बसली. दोन वाक्यांत ती एकदा थांबायची. तरी ती गायची. दळण आता गिरणीत जात होतं, तेव्हा जात्यावरची गाणी तिनं भांडी घासताना आणि निवडताना आणली होती. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली त्या वर्षी बाबांनी घरातले देव नदीत नेऊन सोडले.  आणि गाण्यांत जिथे जिथे देवाचं नाव होतं तिथे मायनं एकेक करून दुसरे शब्द बसवले, चाल न मोडता. कधी बुद्धाचं नाव, कधी बाबांचं, कधी माझं, आणि काही ठिकाणी नुसतं काम. तिला लिहिता येत नव्हतं, आणि ती गाणी दुसऱ्या कोणाला येत नव्हती.

आम्ही दिव्याचा बल्ब काढून त्या होल्डरमधून वीज घेतली. माय यंत्राकडे पाहून म्हणाली, “हे डबडं ऐकते, अन मंग बोलते बी? मंग तुह्या बापापेक्षा बरं हाये.” बाबा ओसरीवर बसून हसत होते. ती लाजली, पदर घेतला, दोन ओळींनंतर खोकला आला, पुन्हा सुरू केलं. शेवटी दुपारभर गायली. चाक संपत आलं तोवर. त्यातली एक ओवी मला पाठ आहे, कारण ती आमच्या कामाच्या शेवटी होती:

पऱ्हाटी येचता येचता बोटं माही सोलली,
कोनी पुसे ना बाई, गाठोडी तेवढी तोलली.

अमरावतीला परत आल्यावर सरांनी पूर्ण फीत ऐकली. ऐकताना ते उभे होते. संपल्यावर बराच वेळ त्यांनी यंत्र बंद केलं नाही, नुसतं चाक फिरत राहिलं. मग म्हणाले की शेवटची ओळ विलक्षण आहे, सोललेल्या बोटांचं रक्त कोणी पुसत नाही. विमल माझ्याकडे पाहून ओठ दाबून हसली. मी सांगितलं की सर, पुसे ना म्हणजे विचारत नाही. त्यांनी मान हलवली, म्हणाले, असं होय, आणि पुढे म्हणाले की दोन्ही अर्थ चांगले आहेत. तिथे तो विषय संपला. फितीची प्रत काढायला दुसरं यंत्र लागतं आणि ते शाळेत नव्हतं, म्हणून प्रदर्शनात मूळ फीतच लावायची असं ठरलं.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी आमचं काम दाखवलं. गोदाम काळ्या पडद्यांनी बंद केलं होतं. विमलची चित्रं पडद्यावर आली, काळी माती, बोंडं, बैलगाड्या, गठ्ठे, आणि त्यावर माय गात होती. समोरच्या रांगेत प्रतिष्ठित लोक होते. मागे उभे राहिलेल्यांत मावशी होती, तिनं डोळ्याला पदर लावला, मग आजूबाजूला पाहून काढला. निकाल दुसऱ्या दिवशी मुख्य पाहुण्यांच्या हस्ते जाहीर व्हायचा होता, पण सरांच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळलं होतं.

संध्याकाळी मी आणि सर यंत्राच्या खोलीत आवराआवर करत होतो तेव्हा काका सायकल ढकलत आले. बाबांनी गार्डाबरोबर निरोप पाठवला होता, माय सीरियस आहे, पोरीला धाडा. गाडीला थोडाच वेळ होता. मी पिशवी उचलली. सर दारापर्यंत आले. ते गोंधळलेले होते, त्यांना विचारायला बरं वाटत नसावं, पण विचारणं भाग होतं. उद्या पाहुण्यांचं भाषण घ्यायचं आहे, विद्यापीठाला ते हवं आहे, आणि कोरी फीत एकही नाही. तुमच्या दोन आहेत, एखादी घेतली तर चालेल का?

दोन चाकं होती. एकावर जिनिंगची घरघर, ती गेली तरी चालणार होती. दुसऱ्यावर माय. दोन्ही डब्यांवर मी ‘कापूस’ एवढंच लिहिलं होतं, पण कुठलं कोणतं हे विमलला माहीत होतं आणि विमल शेजारच्याच खोलीत काचा गुंडाळत होती. हे सगळं मला सांगायचं होतं. वर्षभरापासून त्या खोलीत माझ्या तोंडून वऱ्हाडी निघालं नव्हतं. त्या वेळी निघालं. मी म्हटलं, “घ्या नं सर. इमल हाये थ्या खोलीत. पुसून घ्या, मंग लावा.”

सर म्हणाले, “नक्की? पुसून घेऊ?”

मी म्हटलं, “हो. पुसल्याशिवाय लावू नका.”

आणि काकांच्या सायकलवर मागे बसून गेले.

माय दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. ओळखत होती. श्वासाला जो आवाज होता तो मी वर्णन करून सांगणार नाही. मध्येच तिनं विचारलं, नंबर आला काय. मी म्हटलं, आज कळन. ती म्हणाली, “मंग तू काहून इथं बसून राहिली?” तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं हेच. शेजारच्या बाया आल्या होत्या, चूल बंद होती, कोणीतरी काळा चहा करून आणला तो कपात तसाच थंड झाला. विधी नवे होते, कोणाला धड पाठ नव्हते. शाळामास्तर छोट्या पुस्तकातून त्रिशरण वाचत होते, एका ठिकाणी अडले, पान उलटून पुन्हा मागे आले, आणि आम्ही सगळे तसेच हात जोडून थांबलो. बाबा रडले नाहीत. त्यांनी ड्यूटीचा निळा कोट खुंटीवरून काढून पुन्हा खुंटीला लावला, असं दोन-तीनदा केलं.

दिवस झाल्यावर एका सकाळी ते मला म्हणाले, “तुह्या त्या डबड्यात हाये नं थे?”

मी म्हटलं, हो, सगळी गाणी आहेत.

“मले एकडाव ऐकव. मंग काई मागत नाई.”

बाबांनी माझ्या शिक्षणात, कपड्यांत, कशातच माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, उलट घरातला पहिला घास मला देऊन वर ‘इंग्रजी वाच’ एवढंच म्हणायचे. यंत्र पुन्हा अकोल्याला नेणं शक्य नव्हतं. त्यांनी रजा घेतली, पास काढला आणि आम्ही अमरावतीला आलो. गाडीत ते खिडकीशी बसले होते, धुतलेलं पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा. मूर्तिजापूरला त्यांनी मला विचारलं की ती सगळी गाणी लागतील की थोडी. मी म्हटलं, सगळी लावू. बडनेऱ्याला ते म्हणाले, सुरुवातीला लाजली होती थे बी हाये काय? मी म्हटलं, आहे.

शाळेच्या दारातल्या फळीवर नवा रंग दिसत होता. आमची दोघींची नावं, इंग्रजीत, पहिलं पारितोषिक. बाबांना इंग्रजी येत नव्हतं पण माझं नाव त्यांनी ओळखलं, आणि त्यावर बोट न टेकवता हवेतच बोट फिरवलं, रंग ओला असेल म्हणून.

सर समोर आले, बाबांना नमस्कार केला, खुर्ची दिली. मला म्हणाले की वाईट झालं, आणि पारितोषिक मिळालं हे तुमच्या आईंना कळायला हवं होतं. मी सांगितलं की बाबांना मायची फीत ऐकायची आहे. सरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा नुसता प्रश्न होता. ते म्हणाले, “पण ती तर...” आणि थांबले. कदाचित दुसरं चाक असेल, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी दोन्ही डबे काढले. एकावर घरघर होती. ती चार क्षण वाजली, त्यांनी काढली. दुसरं लावलं.

आधी टाळ्या आल्या. मग खाकरल्याचा आवाज आणि मुख्य पाहुणे बोलायला लागले. शुद्ध, भारदस्त मराठी. ते आमच्याच कामाबद्दल बोलत होते. काल या विद्यार्थिनींनी खेड्यातल्या एका कष्टकरी स्त्रीचा आवाज आपल्याला ऐकवला, असे आवाज काळाच्या ओघात नाहीसे होतात, ते जपून ठेवणं हे नव्या यंत्रांचं कर्तव्य आहे, आणि या संस्थेनं ते कार्य हाती घेतलं याचा मला अभिमान वाटतो. असं बरंच. बाबा सरळ बसून, हात मांडीवर ठेवून ऐकत होते. मोठा माणूस बोलत असताना मध्ये बोलू नये म्हणून ते गप्प होते. त्यांना वाटत होतं की हे आधी आहे आणि माय नंतर येईल. बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच मला विचारलं, “हे कोन बोलून राहिले? हिच्याच बद्दल बोलतेत नं?”

मी सरांकडे पाहिलं. ते पांढरे पडले होते. म्हणाले, “तुम्हीच म्हणालात. मी दोनदा विचारलं. पुसल्याशिवाय लावू नका म्हणालात.”

मी म्हटलं, “विमलला, सर. विमलला विचारून घ्या म्हटलं होतं.”

 त्या क्षणी त्यांना शब्द कळला. मी पाहिलं तो कळताना. ते खाली स्टुलावर बसले आणि दोन्ही हात यंत्राच्या कडेवर ठेवून तसेच राहिले. यंत्र बंद करायला कोणाचाच हात पुढे झाला नाही. पाहुणे बोलतच होते, शिक्षण, राष्ट्र, ग्रामीण जीवन. बाबांनी आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. काय झालं ते मी त्यांना वऱ्हाडीत सांगितलं, फार थोड्या शब्दांत.  मग ते सरांना म्हणाले, आणि टोमणा म्हणून म्हणाले नाहीत, त्यांना सरांची कीव आली होती, “पुसा म्हनलं तं पुसलं तुमी. तुमची काय चूक.” ते ऐकून सर रडले. मोठ्या माणसाला तसं रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. अकोल्याला बाबा रडले नाहीत, तिथेही नाही.

भाषण संपलं. लांब टाळ्या वाजल्या. भाषण घेऊन यंत्र बंद केल्याचा टक असा आवाज फितीवर आला. सर उठले, बटण दाबायला हात नेला, आणि तेवढ्यात खोकला ऐकू आला.

भाषण फितीपेक्षा थोडं आखूड होतं. भाषण जिथे थांबलं तिथून पुढची फीत पुसली गेली नव्हती. त्या शेवटच्या तुकड्यावर गाणं नव्हतं. गाणी संपल्यावर मी बटण दाबायला विसरले होते, आणि यंत्र बंद झालं असं समजून माय माझ्याशी बोलली होती. आधी खोकला, लांब. मग भांडं सरकवल्याचा आवाज. मग ती, नेहमीच्या आवाजात, जरा त्रासून, बाहेर वाळत घातलेल्या मुगाच्या वड्या बघ म्हणून: “झालं का वं तुह्यं? उठ आता. मुंगवड्या पाय बाहेर, बकरी आली असन.”

बाबांनी वळून दाराकडे पाहिलं.

नंतर फीत संपली आणि तिचं टोक चाकाबरोबर फट फट आपटत राहिलं. बाबा म्हणाले, आणखी एकदा लावा. सरांनी लावलं. चौथ्यांदा की पाचव्यांदा ऐकल्यावर बाबांनीच हातानं पुरे म्हटलं. मग सरांनी ड्रॉवरमधून ब्लेड काढलं, भाषणाच्या टाळ्या जिथे संपतात ती जागा बोटानं शोधली आणि फीत कापली. विद्यापीठाची फीत कापायची नाही हा नियम त्यांनीच आम्हाला घालून दिला होता. तो तुकडा त्यांनी शिवणाच्या दोऱ्याच्या रिकाम्या लाकडी रिळावर गुंडाळला आणि माझ्या हातात न देता बाबांच्या हातात दिला.

मी ती शाळा पूर्ण केली. ध्वनिमुद्रणात माझा पहिला नंबर आला आणि त्यानंतर मी त्या यंत्राला हात लावला नाही. इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. केलं, आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, ते तुम्हाला माहीतच आहे. विमल लग्न होऊन मध्य प्रदेशात गेली, काही वर्षं दिवाळीला तिचं कार्ड यायचं, तिनं स्वतः रंगवलेलं. आगाशे सर तिथेच निवृत्त झाले. मी ऐकलं की त्यानंतर फीत हातात घेतली की ते प्रत्येक विद्यार्थ्याला मोठ्यानं विचारायचे, “विचारून की पुसून?” आणि उत्तर दोनदा वदवून घ्यायचे. पुढच्या तुकड्यांतल्या मुलांना ते का, हे ठाऊक नव्हतं. त्यांना ती सरांची गंमत वाटायची. ती मुलं एकमेकांच्या डब्यातलं उचलतानाही तसंच विचारून हसत, असं मला नागपूरच्या एका लग्नात भेटलेल्या एका विद्यार्थ्यानं हसतच सांगितलं. मीही हसले. गोदाम आता पाडलं आहे. पाहुण्यांचं भाषण विद्यापीठानं नंतर छापून काढलं, त्याची पुस्तिका मला कोणीतरी पाठवली होती. ती मी ठेवली नाही.

बाबांच्या पाठीमागे रीळ माझ्याकडे आलं. ते माझ्या कपाटात, डाव्या हाताच्या खणात, मलमलच्या तुकड्यात आहे. फितीवरचा तपकिरी थर सुटू लागला आहे, बोट लावलं की बोटाला लागतो, म्हणून मुक्ता, तिकडून यंत्र पाठवू नकोस. वाजवली तर ती तेवढ्यातच संपेल. गाण्यांपैकी मला ती एक ओवी येते, आणि चाल येत नाही. फितीवर खोकला आहे, भांड्याचा आवाज आहे आणि बकरीबद्दलचं एक वाक्य आहे.